पाची दिशांनी मोकल

मोकलांची शोकसभा कंपनीच्या रिक्रिएशन हॉलमध्ये झाली, तेव्हा माइक सुरुवातीपासून शेवटपर्यंत शिट्टी मारत होता. मॅनेजरसाहेबांनी मोकलांना ‘ध्वनिक्षेत्रातील एक जाणकार व्यक्तिमत्त्व’ म्हटलं, युनियनच्या अध्यक्षांनी ‘नादब्रह्माचा उपासक’ म्हटलं, आणि दोन्ही वेळा पुढचं वाक्य शिट्टीने खाल्लं. मी मागच्या रांगेत बसलो होतो. मोकल असते तर पहिल्याच शिट्टीला उठले असते, स्टेजवर जाऊन कसलंसं बटण फिरवलं असतं आणि शिट्टी आणखी वाढवली असती. जाणकार म्हणावं एवढं त्यांना काही येत नव्हतं. हौस मात्र एवढी, की येत नाही हे लक्षात यायला त्यांना कधी वेळच मिळाला नाही.

अनंत मोकल धाटावला आमच्या कंपनीत कॉम्प्रेसर हाऊसला ऑपरेटर होते. गाव जिते स्टेशनजवळचं, घर पेणला रामवाडीत. मी रोह्याचा, लॅबमध्ये. आमची ओळख कंपनीतली. मैत्री झाली ती दोघंही रिटायर झाल्यावर, आणि तीही त्यांच्या शेवटच्या हौसेपायी. त्यांचा एक कान गेलेला होता, दुसरा निघाला होता, आणि तो पुरता जायच्या आत त्यांना एक गोष्ट ऐकायची होती. त्यासाठी त्यांनी कॉम्प्युटरला सराऊंड साऊंड बसवला. वाचणाऱ्याला ही गोष्ट साधी वाटेल. ती आमच्या घरच्यांनाही सुरुवातीला साधीच वाटली होती.

पण आधी टाळी. कुठल्याही नव्या खोलीत शिरलं, की मोकल एक टाळी वाजवत, मान तिरकी करून ऐकत आणि निकाल देत. “घुमारा हाय,” किंवा “खोली मेलेली हाय.” तिसरा निकाल नव्हता. बँकेत, दवाखान्यात, लग्नाच्या हॉलमध्ये, कुठेही. लॅबमध्ये पहिल्यांदा आले तेव्हा मी ब्युरेटला डोळा लावून बसलो होतो; टाळीसरशी माझे थेंब नको तेवढे पडले आणि सगळी टेस्ट पुन्हा करावी लागली. “घुमारा हाय,” मोकल म्हणाले, “पण काचेचा हाय. पातळ.”

एकदा खांब गावी एका सहकाऱ्याचे वडील गेले म्हणून आम्ही भेटायला गेलो. घर नवं, हॉलला चकचकीत लाद्या, सामान बाहेर काढलेलं, बायामाणसं भिंतीला टेकून गप्प बसलेली. मोकल दारात पोचले आणि हात त्यांना विचारायला थांबले नाहीत. टाळी कडाडली. सगळं घर वर बघायला लागलं. मी चपला शोधण्याचा बहाणा केला. मोकल मात्र ढिम्म. टाळी वाजल्यावर हात जोडलेलेच असतात. ते त्यांनी तसेच ठेवले, मान खाली घातली आणि गंभीरपणे नमस्कार करत आत गेले. परतीच्या वाटेवर मी काही बोलणार, तेवढ्यात तेच म्हणाले, “गुप्तेसाहेब, लाद्या बसवल्यावर घुमारा येतोच. म्हाताऱ्याच्या वक्ताला शेणाची जमीन होती. तवा बरी असंल खोली.” यातला शोक कुठला आणि ध्वनिशास्त्र कुठलं हे मला अजून वेगळं करता आलेलं नाही.

आवाजाबद्दल त्यांचं एक मत होतं आणि ते त्यांनी कँटीनपासून गेटच्या वॉचमनपर्यंत सर्वांना ऐकवलेलं होतं. “आवाज समोरनं आला ना, की नुसता समजतो. चारी बाजूंनी आला, की आपण त्याच्यात असतो.” या मताची जाहीर परीक्षा सुरक्षादिनाला झाली. कोणी मोठे पाहुणे मुंबईहून यायचे होते, शेडमध्ये खुर्च्या मांडल्या होत्या, आणि माइकची जबाबदारी मोकलांनी अर्थातच मागून घेतली होती. दोन स्पीकर त्यांनी स्टेजजवळ लावले, आणि दोन, कोणाला न सांगता, खुर्च्यांच्या मागे. मागचे दोन जरा जास्तच जोमाचे निघाले. पाहुण्यांनी ‘उपस्थित बंधूंनो’ म्हटलं ते आमच्या पाठीमागून आलं. सगळा प्लँट मागे वळला. मागे टेबलावर चहा आणि गरम वडे मांडलेले होते. त्यानंतर पुढे वळावं असं कोणालाच वाटेना. पाहुण्यांनी अपघातमुक्त जीवनावरचं भाषण आमच्या पाठींना केलं. मॅनेजरांनी मोकलांना केबिनमध्ये बोलावलं तेव्हा मोकल शांतपणे म्हणाले, “साहेब, आवाज सगळ्यांना पोचला का नाय, येवढंच सांगा.” पोचला होता. आमच्याकडच्या सुरक्षादिनांपैकी ज्याचं भाषण कामगारांना पाठ आहे, असा तो एकच.

कान गेला तो मात्र कामापायी. कॉम्प्रेसरच्या बेअरिंगला स्क्रू-ड्रायव्हरचं टोक लावायचं आणि मुठीला कान, म्हणजे आतली खरखर कळते. मोकल हे रोज करत, आणि नेहमी उजव्या कानाने. कंपनीने दिलेले इअरप्लग गळ्यात माळेसारखे असत. “घातले तर ऐकू काय येनार?” हा त्यांचा सवाल होता. रिटायर झाल्यावर त्यांच्या उजव्या बाजूला बसून बोलणं म्हणजे भिंतीशी बोलणं, हे सगळ्यांना माहीत झालं होतं. पुढे डावाही कुरकुरायला लागला. पेणच्या कानाच्या डॉक्टरांकडे त्यांच्यासोबत मी गेलो होतो. (आत शिरताना टाळी झाली. डॉक्टर दचकले. “खोली मेलेली हाय,” मोकलांनी त्यांना सांगितलं.) तपासून डॉक्टर म्हणाले, “उजवा गेलाय काका. डावा उतरतोय. मशीन देतो, पण मशीनला सगळे आवाज सारखेच.”

बाहेर आल्यावर मोकल चालायला लागले. मग रस्त्याच्या कडेला थांबून म्हणाले, “मला मंडळ ऐकायचंय.”

मंडळ म्हणजे त्यांच्या गावचं भजन मंडळ. हरीबुवा पेटीवर, त्यांच्या डाव्या हाताला धर्मा पखवाजावर, उजवीकडे झांज, आणि मागे कोरस. मोकल कोरसमध्ये. बुवांनी ओळ म्हणून सोडायची आणि मागच्यांनी ती उचलायची, हे काम त्यांनी मिसरूड फुटल्यापासून केलेलं.

“त्यात काय,” मी म्हणालो, “तुमच्या भजनांचे व्हिडिओ ढिगाने आहेत.”

“ते समोरनं घेतलेले हायत, गुप्ते. समोरनं ऐकनारे लोक वेगळे. मी कधी समोर बसलोय? माझ्या पुढं पखवाज, पलीकडं झांज, दोन्ही खांद्यांना दोघं. मला तिथनं ऐकायचंय. आतनं.” मग थोडं थांबून, “कान हाय तवर.”

दुसऱ्याच आठवड्यात पेणच्या बाजारातून खोकं आलं. स्वस्तातलं स्वस्त. पाच लहान स्पीकर आणि एक जाडा. कॉम्प्युटर त्यांच्या मुलीचा, ती इंजिनीअर होऊन नवऱ्याच्या गावी गेल्यावर मागे राहिलेला. वहिनी, म्हणजे मोकलांच्या पत्नी, खोकं उघडताना दारात उभ्या होत्या. “बघा भाऊजी,” त्या मला म्हणाल्या, “पाच पोरं आन् एक जाडी सासू. या वयात घर भरलं माझं.”

स्पीकरना स्टँड वगैरे घ्यायचे नाहीत असं ठरलं होतं. त्यामुळे पुढचे दोन तेलाच्या डब्यांवर गेले, मधला मॉनिटरच्या डोक्यावर, मागचा एक खिडकीच्या गजाला बांधला आणि दुसरा स्वयंपाकघराच्या माळ्यावर लोणच्याच्या बरणीला टेकवला. मागच्या दोघांच्या वायरी पोचेनात, म्हणून जुन्या टेलिफोनची वायर कापून जोडली. घरात चालायचं म्हणजे पाय उचलून चालायचं, असा नियम झाला. जाडा कुठेही ठेवला तरी चालतो असं खोक्यावर लिहिलेलं होतं. मोकलांनी तो वालाच्या पिंपाला चिकटवून ठेवला. तो पहिल्यांदा वाजला तेव्हा पिंपातले वाल खडखडले.

“अगो, बघ कसं येतंय, जमिनीतनं!” मोकल ओरडले.

“जमिनीतनं नाय, पिंपातनं येतंय. वालाची डाळ होईल, बंद करा तो डबा!”

खरी अडचण मागे होती. स्पीकरच्या तीन रंगांच्या तीन पिना, आणि कॉम्प्युटरला भोक एक. मोकलांनी एका भोकाची तीन करणारं जोड आणलं, तिन्ही पिना खुपसल्या आणि मला खोलीच्या मधोमध बसवून बातम्या लावल्या.

“मागनं कोन बोलतंय?”

“जो पुढून बोलतोय तोच.”

“आन् बाजूनं?”

“तोही तोच.”

“मग झालं की सराऊंड!” मोकलांनी मांडीवर थाप मारली. एकच माणूस पाच ठिकाणांहून बोलणं म्हणजे सराऊंड नव्हे, पाच ठिकाणांहून पाच वेगळे आवाज आले पाहिजेत, हे त्यांना पटवायला मला संध्याकाळ गेली. शेवटी वहिनींनी सोडवलं. “अहो, तुमच्या मंडळात सगळे पेटीच वाजवतात काय?” तेव्हा कुठे ते थांबले. आवाज वेगवेगळे काढणारं एक छोटं कार्ड मग मागवलं गेलं, आणि पिना एकदाच्या आपापल्या जागी बसल्या.

आता पाच वेगळे आवाज हवे होते. ते आणायची युक्ती मोकलांची स्वतःची, आणि मला आजही ती चुकीची म्हणवत नाही. वहिनींची तांदूळ धुवायची रोवळी त्यांनी पालथी घातली आणि तिच्या पाच अंगांना पाच मोबाइल रबरबँडने बांधले, माइक बाहेरच्या बाजूला करून. त्यांचा, माझा, वहिनींचा आणि शेजाऱ्यांचे दोन. भजनात ही रोवळी आपल्या बसायच्या जागी ठेवायची. ज्या मोबाइलला जी दिशा, त्या दिशेचा स्पीकर घरी. “म्हणजे पखवाजाच्या तोंडचा मोबाइल पखवाजाच्या स्पीकरला,” ते म्हणाले. “आन् मी मधे.”

“आणि तांदूळ मी कशात धुऊ?” वहिनींनी विचारलं.

मंडळ गोळा करणं सोपं नव्हतं. कोणाची फर्स्ट शिफ्ट, कोणाची सेकंड, कोणी पनवेलला गाडीवर. गणपती उरकल्यावर एका रविवारी दुपारी मारुतीच्या देवळात सगळे जमले. हरीबुवांनी रोवळीकडे पाहिलं. “ह्यो कोन नवा गडी, अनंता?”

“मशीन हाय, बुवा.”

“बसूंदे. दक्षिना मागनार नाय ना?”

पाचही मोबाइल एकदम सुरू करणं शक्य नव्हतं. म्हणून ते सुरू झाल्यावर मोकलांनी एक टाळी वाजवायची आणि घरी टाळीला टाळी जुळवून सगळं एका वेळेवर आणायचं, असं मी सुचवलं. आयुष्यभर वाजवलेल्या टाळ्यांत ही पहिली कामाची होती. मोकलांनी ती अशी वाजवली की देवळामागची कबुतरं उडाली. मग रोवळी मांडीपुढे घेऊन ते आपल्या जागी बसले. गायचं नाही, नुसतं राखण करायची, असं ठरलं होतं. बुवांनी सूर धरला, ओळ म्हटली, पुन्हा म्हटली, आणि सोडली.

मोकलांनी ती उचलली. त्यांना थांबवणं कोणाच्याच हातात नव्हतं, त्यांच्याही नाही. पुढचा सगळा वेळ ते डोळे मिटून गात होते.

रामवाडीला मी फायली जुळवल्या. मोकल मधोमध पाटावर बसले, वहिनी स्वयंपाकघराच्या दारात. टाळी झाली, पाची बाजूंनी एकदम, अगदी नेमकी. मोकलांनी माझ्याकडे विजयाने पाहिलं. पेटी आली, पखवाज आला, आणि मग ओळ सुटली. खिडकीतून मोकल आले. माळ्यावरून मोकल आले. तेलाच्या दोन्ही डब्यांवरून आणि मॉनिटरच्या डोक्यावरून मोकल आले. पखवाज त्यांच्या खाली कुठेतरी चेपला गेला होता. हरीबुवा एखाद्या खांद्याआडून डोकावावं तसे मधूनच ऐकू येत होते. आणि मोकल सुरात नव्हते; सुराच्या शेजारच्या गावात होते.

वहिनी हसता हसता उंबऱ्यावर बसल्या. “पाची दिशांनी नवरा! एक होता तोच झेपत नव्हता, भाऊजी!”

मोकल हसले नाहीत. गाणं संपेपर्यंत ऐकलं. मग म्हणाले, “मी येवढ्या मोठ्यानं गातो?”

वहिनींचं हसू थांबलं. “हल्ली जरा.”

“आन् सूर?”

मी वायरींकडे पाहिलं.

दुसऱ्या दिवशी त्यांनी मला सोबत घेऊन जित्याची गाडी धरली आणि थेट हरीबुवांच्या ओट्यावर जाऊन बसले. सवाल त्यांनी सरळ विचारला, आणि बुवांनी उत्तरही सरळ दिलं. “व्हय. चढतोस. सुटतोस पन.”

“मग बोलला का नाय?”

“बोलून काय? तुला आमचा आवाज पोचत नाय, म्हनून तू चढतोस. म्हनून आमी चढतो, तुला पोचावा म्हनून. मग तू आनखी चढतोस.” बुवांनी तंबाखूची डबी उघडली. “मंडळ हल्ली गात नाय, बोंबलतं, अशी गावात तक्रार हाय. धर्माच्या बोटांना फोड आलेत. ते तुझ्यापायी, अनंता.”

बुवा तंबाखू मळत राहिले. “परत बसू,” मग तेच म्हणाले. “येक डाव तू भायेर ऱ्हा.”

“माझ्याबिगर? मग जागा मोकळी दिसंल.”

“मोकळी कशी? रोवळी बसंल की तिथं. तुझ्यापरीस शानी हाय ती. गप बसते.”

ते दुसरं बसणं मला जास्त आठवतं. रोवळी कोरसच्या मधोमध, मोकलांच्या जागी, आणि मोकल देवळाबाहेर पायरीवर, चपलांच्या ढिगाशेजारी. टाळी वाजवायला तेवढे आत आले आणि लगेच बाहेर गेले. हरीबुवांनी सगळ्यांकडे एकदा पाहिलं आणि बोटाने खाली दाखवलं: आज हळू. आणि मंडळ गायलं. मी या विषयातला कोणी नाही, देवळात जाणाऱ्यांपैकीही नाही. पण चांगलं शिजलेलं अन्न ज्याला त्याला कळतं, तसं ते होतं. धर्माची बोटं कातड्यावर नुसती टेकत होती. कोरस ओळ उचलत होता ती झोपलेलं मूल उचलावं तशी.

मी बाहेर पाहिलं. मोकलांनी खबरदारी म्हणून दोन्ही हातांनी स्वतःचं तोंड दाबून धरलं होतं. बराच वेळ तसेच बसले. मग एक हात काढून त्यांनी मला खुणेने जवळ बोलावलं आणि, त्यांच्या समजुतीप्रमाणे कुजबुजत, विचारलं, “सुरू कधी करनार?”

आत दुसरं भजन चाललं होतं.

“करतील आता,” मी म्हणालो.

पुढच्या रविवारी रामवाडीला फायली लावून दिल्या. या वेळी मोकलांनी पाटाऐवजी मुलीची कॉम्प्युटरची चाकांची खुर्ची मधोमध घेतली होती. का, ते सुरू झाल्यावर कळलं. पाच स्पीकर पाच दिशांना होते, आणि कान एक. बसल्या जागी त्यांना सगळं एकाच बाजूने येत होतं. म्हणून ते फिरत होते. आधी डावा कान मॉनिटरकडे, हरीबुवांना. मग पायाने जमिनीला रेटा देऊन तेलाच्या डब्याकडे, धर्माला. मग झांजेकडे. एकेकाला ऐकून घ्यायचं, मान हलवायची आणि पुढे सरकायचं. पंगतीत यजमान फिरतो तसे.

“चक्कर येईल हो,” वहिनी म्हणाल्या. त्यांनी आपण होऊन जाड्याचा आवाज कमी केला होता आणि पिंपावर गोधडी टाकली होती. “चहा कुठल्या तोंडाला देऊ?”

मोकलांना ते ऐकू गेलं नाही. माझी रोह्याची गाडी होती, म्हणून मी वायरी ओलांडत दारापर्यंत आलो. त्यानंतर ते मला भेटले नाहीत. थंडीत एका सकाळी वहिनींचाच फोन आला. त्यामुळे मोकल म्हटलं की मला दारातून पाहिलेले तेच दिसतात. खुर्ची फिरून खिडकीकडे तोंड करून थांबलेली, आमच्याकडे पाठ, गजाला बांधलेल्या स्पीकरला डावा कान जवळजवळ टेकलेला. तिथे कोरसमधला त्यांच्या खांद्याला खांदा लावून बसणारा गडी होता. पलीकडे हरीबुवांनी ओळ म्हटली, पुन्हा म्हटली, आणि सोडली. मोकलांची पाठ ताठ झाली, खांदे वर आले, श्वास भरला गेला. आणि त्यांनी तो तसाच धरून ठेवला. खिडकीतून आणि माळ्यावरून, हलक्या आवाजात, इतरांनी ओळ घेतली.

“उचलली,” मोकल म्हणाले. अर्ध्या रामवाडीला ऐकू गेलं असेल.